सॅन होजेच्या सिटी कौन्सिलकडून काम करून घ्यायचं असेल तर: नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

सॅन होजेत नव्याने आलेल्या बहुतेक मराठी कुटुंबांना शहराच्या कारभाराची ओळख एखाद्या अडचणीमुळे होते. शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर गाड्या थांबत नाहीत, बागेतले दिवे महिनोन् महिने बंद असतात, नाहीतर घरामागच्या रिकाम्या जागेवर काय उभं राहणार ते कळत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा होते, चार जण मंगळवारी ऑफिसला दांडी मारून कौन्सिलच्या बैठकीत बोलून येतात, आणि पुढे काही घडत नाही. मग "इथे आपलं कोण ऐकणार" असं म्हणून सगळे गप्प बसतात.

ऐकणारे असतात. फक्त वेळ चुकलेली असते. मंगळवारी दुपारी दीड वाजता बैठक सुरू होते तोवर बहुतेक विषयांचं काय होणार हे जवळजवळ ठरलेलं असतं. ते ठरतं आधीच्या दहा दिवसांत, आणि त्या दहा दिवसांत कुणालाही आपलं म्हणणं आत पोहोचवता येतं. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डही लागत नाही. योग्य दार, योग्य दिवस आणि नेमकी मागणी या तीन गोष्टी मात्र लागतात. खाली शाळेसमोरच्या क्रॉसिंगचंच उदाहरण धरून सगळे टप्पे सांगितले आहेत. बाग असो, दिवे असोत की नवी इमारत, रस्ता तोच.

१. आधी तुम्हाला काय करता येतं आणि काय नाही, हे पक्कं करा

हा टप्पा गाळू नका. इथली चूक क्रॉसिंगपुरती राहत नाही, थेट इमिग्रेशनपर्यंत जाते.

बोलणं, पत्र लिहिणं, कौन्सिलमेंबरला भेटणं, कागदपत्रं मागवणं, शांततेने निदर्शनं करणं हे सगळं कुणालाही करता येतं. एच-वन, एच-फोर, विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाला, इतकंच काय, सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांनाही. कॅलिफोर्नियाच्या १९५३ च्या ब्राउन ॲक्टनुसार (स्थानिक सरकारी बैठका लोकांसाठी खुल्या ठेवणारा कायदा) बैठकीत यायला नाव सांगण्याची किंवा नोंदवहीत सही करण्याची सक्ती करता येत नाही.

जे करता येत नाही ते असं:

मतदार नोंदणी. नागरिक नसाल तर कुठल्याही परिस्थितीत ती करायची नाही. सापळा असतो तो डीएमव्हीत, म्हणजे लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मोटार खात्यात. लायसन्स किंवा आयडीचा अर्ज भरताना मतदार नोंदणीचे प्रश्न त्यातच येतात. घाईत "मी नागरिक आहे" वर टिचकी मारली गेली, तर "चुकून झालं" हे सांगणं पुढे फार अवघड जातं. नागरिकत्वाच्या अर्जात तुम्ही कधी मतदार म्हणून नोंदणी केली का, हे स्पष्ट विचारतात. नोंदणीचं पत्र किंवा मतपत्रिका चुकून घरी आलीच, तर मत देऊ नका. काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सना लेखी कळवून नाव काढायला सांगा, पोच जपून ठेवा आणि इमिग्रेशन वकिलाशी बोला.

क्लिपबोर्डवरची सही. किराणा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली माणसं बहुधा एखादा प्रस्ताव निवडणुकीत आणण्यासाठी किंवा कुणाला पदावरून परत बोलावण्यासाठी सह्या गोळा करत असतात. त्या सह्या फक्त नोंदणीकृत मतदारांनी करायच्या असतात. तुम्ही शेजाऱ्यांसाठी तयार केलेलं साधं निवेदन वेगळं, त्यावर कुणीही सही करावी. कागदावर काय आहे ते वाचल्याशिवाय पेन हातात घेऊ नका.

पैसे. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी नागरिकाने केंद्राच्या, राज्याच्या किंवा शहराच्या उमेदवाराला देणगी देणं केंद्रीय कायद्याने बंद आहे, दहा डॉलरसुद्धा. ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. "बायको सिटिझन आहे, तिच्या नावाने माझ्या खात्यातून देतो" हा मार्गही बेकायदाच, कारण दुसऱ्याच्या नावाने देणगी देणं हाच गुन्हा आहे. देणगीदाराचं नाव उमेदवाराच्या जाहीर हिशेबात येतं, हेही लक्षात असू द्या.

प्रचारात विनामोबदला मदत करायला केंद्रीय निवडणूक कायद्याची आडकाठी नाही. पत्रकं वाटा, फोन करा. मात्र उमेदवाराचा पैसा कुठे खर्च करायचा असल्या निर्णयात व्हिसावरच्या माणसाने भाग घ्यायचा नाही, आणि मानधन, गिफ्ट कार्ड वगैरे काहीही स्वीकारायचं नाही.

२. काम नेमकं कुणाचं आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. "सिटी" म्हणून आपण ज्याला हाक मारतो त्यातली निम्मी कामं सिटीची नसतात.

शहरातले नेहमीचे रस्ते, क्रॉसिंग, सिग्नल, बागा, वाचनालयं, पोलीस, अग्निशमन, बांधकाम परवाने हे सॅन होजे सिटीचं. पण लॉरेन्स, सॅन टोमास, ऑल्मडेन, कॅपिटॉल, मॉन्टेग्यू हे एक्सप्रेसवे सँटा क्लारा काउंटीचे. लॉरेन्सवरच्या सिग्नलबद्दल सिटी कौन्सिलपुढे कितीही पोटतिडकीने बोललात तरी ते काही करू शकत नाहीत. १०१, २८०, ८५, ८७ हे फ्रीवे आणि त्यांचे रॅम्प राज्याच्या कॅलट्रान्स या वाहतूक खात्याकडे. बस आणि लाइट रेल व्हीटीए या सार्वजनिक वाहतूक संस्थेकडे. सार्वजनिक आरोग्य, तुरुंग, मालमत्ता कर, निवडणुका काउंटीकडे, आणि काउंटीचे निर्णय पाच सुपरवायझर घेतात. शाळा सिटीच्या ताब्यात नाहीतच. सॅन होजेच्या हद्दीत डझनभराहून जास्त स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, त्यांचं बोर्ड वेगळं, बैठक वेगळी. शाळेच्या आवारातलं पार्किंग त्यांचं आणि फाटकाबाहेरचा रस्ता सिटीचा, त्यामुळे क्रॉसिंगसाठी दोन्हीकडे जावं लागतं.

आणखी एक गोष्ट नवीन घर घेतलेल्यांना हमखास धक्का देते: घरासमोरचा फुटपाथ आणि रस्त्याकडेचं झाड यांची देखभाल घरमालकाकडे असते. झाडाच्या मुळांनी फुटपाथ उचलला गेला तर दुरुस्ती तुमच्या गळ्यात येते. आणि झाड मनाने तोडता येत नाही, परवाना लागतो.

सिटीची रचनाही समजून घ्या. दहा डिस्ट्रिक्टचे दहा कौन्सिलमेंबर आणि सगळ्या शहराने निवडलेला मेयर, अशी अकरा मतं. सहा मतं म्हणजे बहुमत. मेयरचंही एकच मत. रोजचा कारभार कौन्सिलने नेमलेला सिटी मॅनेजर पाहतो. आपल्याकडच्या महापालिका आयुक्ताशी त्याचं काम जुळतं, फरक एवढाच की आयुक्त राज्य सरकार पाठवतं आणि इथला मॅनेजर कौन्सिलच नेमतं, कौन्सिलच काढू शकतं. म्हणून कौन्सिलमेंबर एखाद्या इंजिनिअरला थेट "उद्या पट्टे मारा" असा हुकूम देत नाही. तो ऑफिसमार्फत विचारणा करतो किंवा कौन्सिलकडून ठराव करून घेतो. मागणी करताना हे डोक्यात असलं की वाक्यं आपोआप नीट होतात.

तुमचा डिस्ट्रिक्ट सिटीच्या साइटवर पत्ता टाकला की कळतो. वेस्ट सॅन होजे म्हणजे १, बेरियेसा आणि नॉर्थ सॅन होजे ४, एव्हरग्रीन ८, ऑल्मडेन व्हॅली १०, हा ढोबळ हिशेब. पण रस्त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दुसरा डिस्ट्रिक्ट असंही असतं, म्हणून पत्ता टाकूनच खात्री करा. पोस्टाच्या पत्त्यात "सॅन होजे" लिहिलेलं असलं तरी काही भाग सिटीत नाहीत, थेट काउंटीखाली येतात. तेही इथेच उघड होतं.

३. बोलण्याआधी नोंद करा, पुरावा जमवा

हाताशी हे ठेवा:

- सॅन होजे ३११ (सिटीची तक्रार नोंदवण्याची सेवा) चं ॲप आणि त्यावर केलेल्या प्रत्येक तक्रारीचा नंबर
- जागेचे फोटो, तारीख आणि वेळ दिसतील असे. लहान मुलांचे चेहरे टाळून
- एका पानाचं टिपण: जागा, अडचण, मागणी, संपर्क
- शेजाऱ्यांच्या सह्यांचं निवेदन. प्रत्येकापुढे रस्त्याचं नाव किंवा झिप कोड
- ज्या विषयावर बोलायचं त्याचा अजेंडा आणि स्टाफ रिपोर्ट, म्हणजे सिटीच्या अधिकाऱ्यांनी त्यावर लिहिलेला अहवाल
- दुभाष्या हवा असेल तर सिटी क्लार्कच्या ऑफिसला काही दिवस आधी केलेली विनंती

खड्डा, बंद दिवा, रस्त्यावर टाकलेला कचरा, सोडून दिलेली गाडी, भिंतीवर कुणी फासलेली ग्राफिटी यांना कौन्सिलपर्यंत जायची गरजच नाही. ३११ वर नोंदवा. तक्रार "बंद" दाखवली म्हणजे काम झालंच असं धरू नका. जागेवर जाऊन फोटो काढा आणि जुना नंबर देऊन पुन्हा नोंदवा. एकाच जागेच्या पाच तक्रारींचे नंबर पुढे फार कामी येतात.

क्रॉसिंगसाठी मोजणी करा. शाळेच्या तीन साध्या दिवशी, सकाळी शाळा भरायच्या आधीची तीस मिनिटं. दोन जण उभे राहा: एकाने क्रॉसिंगवर पाऊल टाकलेल्या माणसांची संख्या लिहायची, दुसऱ्याने न थांबता गेलेल्या गाड्यांची. "गाड्या फार जोरात जातात" या वाक्याने कुणी हलत नाही. "मंगळवार ते गुरुवार, दीड तासात इतके जण ओलांडले, इतक्या वेळा गाडी थांबली नाही" हे वाक्य ट्रॅफिक इंजिनिअर वाचतो. अपघातांची नोंद यूसी बर्कलेच्या टिम्स या साइटवर खातं उघडून फुकट बघता येते, चौकानुसार.

क्रॉसिंगच्या तोंडाशी गाड्या उभ्या राहतात का, तेही बघा. कॅलिफोर्नियाच्या नव्या नियमाने क्रॉसवॉककडे येणाऱ्या बाजूला २० फुटांच्या आत पार्किंग बंद आहे, पट्टे रंगवलेले असोत वा नसोत. मुलं दोन गाड्यांच्या मधून अचानक पुढे येतात तेव्हा ड्रायव्हरला ती दिसतच नाहीत, हेच त्यामागचं कारण. फुटपाथची कड लाल रंगवून घेणं हे सगळ्यात स्वस्त काम आणि बहुधा ठरावाशिवाय होणारं. पहिली मागणी तीच करा. चमकणारा पिवळा दिवा त्यापुढची पायरी. पूर्ण सिग्नलचा खर्च लाखो डॉलरमध्ये जातो, त्यासाठी रांग मोठी असते. एकदम सिग्नलच मागून बसलात तर रंगाचं काम राहून जातं.

सिटीकडे आधीचा काही अभ्यास आहे का, हे शोधायला पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट वापरा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज केलेल्यांना हे सोपं जाईल. आपल्याकडे दहा रुपये आणि तीस दिवस, तोही हक्क फक्त भारतीय नागरिकांना. इथे अर्जाला फी नाही, अर्जदार कुणीही असो, कारण सांगावं लागत नाही, आणि कागद देता येतील की नाही हे दहा दिवसांत कळवावं लागतं. ठरावीक कारणांनी ही मुदत आणखी चौदा दिवसांपर्यंत वाढवता येते. लक्षात घ्या, दहा दिवसांत उत्तर मिळतं, कागद त्यानंतर येतात. म्हणून अर्ज अगदी सुरुवातीला टाका, बैठकीच्या तोंडावर नाही.

अर्ज अरुंद ठेवा. "शाळेच्या रस्त्याबद्दलचं सगळं" असं मागितलंत की हजारो ईमेल चाळायला महिने जातात. "अमुक रस्ता आणि तमुक रस्ता यांच्या चौकाची २०२१ पासूनची वेगमोजणी, वाहनगणना आणि क्रॉसिंगबाबतची वर्क ऑर्डर" एवढंच मागा. अधिकाऱ्यांनी खासगी फोनवरून किंवा खासगी ईमेलवरून केलेला सरकारी कामाचा पत्रव्यवहारही या कायद्याखाली येतो. कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये तसा निकाल दिला, आणि ज्या खटल्यात दिला तो सॅन होजे सिटीविरुद्धचाच होता.

त्याच कायद्याची दुसरी बाजू: तुम्ही कौन्सिलला पाठवलेलं पत्रही सार्वजनिक कागद होतं आणि अजेंड्यासोबत इंटरनेटवर लागू शकतं. त्यात घराचा पूर्ण पत्ता, फोन, मुलाचं नाव आणि वर्ग घालू नका. "डिस्ट्रिक्ट १ चा रहिवासी" पुरेसं आहे.

४. अजेंडा वाचायला शिका

ब्राउन ॲक्टनुसार नियमित बैठकीचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. सॅन होजेने स्वतःवर यापेक्षा कडक नियम घालून घेतला आहे: कौन्सिलचा अजेंडा आणि स्टाफ रिपोर्ट साधारण दहा दिवस आधी बाहेर येतात. तुमची खरी संधी ती ही.

अजेंड्यावरचे नंबर पाठ करून टाका. २ ने सुरू होणारे विषय कन्सेंट कॅलेंडरवरचे, म्हणजे एका फटक्यात चर्चेविना मंजूर होणारे. ४ म्हणजे सुरक्षा, ५ वाहतूक, ६ पर्यावरण आणि पाणी-कचरा, ७ वस्तीसेवा, ८ घरं आणि अर्थकारण, १० जमीनवापर. क्रॉसिंगचं कंत्राट ५.२ वर असेल किंवा कन्सेंटमध्ये २.८ वर दडलेलं असेल. कन्सेंटमध्ये आहे म्हणून बिनमहत्त्वाचं असं समजू नका. रस्तेदुरुस्तीची मोठमोठी कंत्राटं तिथूनच जातात. त्यावर बोलायचं असेल तर बैठकीच्या सुरुवातीलाच हजर राहावं लागतं, नाहीतर तो विषय पाच मिनिटांत संपतो आणि तुम्ही पार्किंगमध्येच असता.

स्टाफ रिपोर्ट तीस पानांचा असला तरी आधी चारच ठिकाणं वाचा: अगदी वरची शिफारस, पर्याय आणि ते का नाकारले, खर्च आणि निधी कुठून येणार, आणि लोकांपर्यंत पोहोचल्याचा परिच्छेद. "पर्याय" हा भाग सोन्यासारखा असतो. तुम्हाला हवी असलेली गोष्ट स्टाफने विचारात घेऊन बाजूला ठेवली असेल तर कारण तिथेच लिहिलेलं असतं, आणि तुमच्या पत्राने त्या कारणाला उत्तर द्यायचं असतं.

तुमचा विषय अजेंड्यावर नसेलच, तर शेवटच्या ओपन फोरममध्ये बोलता येतं. पण तिथे कौन्सिलला कायद्यानेच निर्णय घेता येत नाही. फार तर एखादा मेंबर स्टाफला "यांच्याशी बोला" म्हणेल. कौन्सिलमेंबर हसले नाहीत, उत्तर दिलं नाही, म्हणून अपमान वाटून घेऊ नका.

५. ते दहा दिवस कसे वापरायचे

अजेंडा लागला त्याच शनिवार-रविवारी रिपोर्ट वाचा. सोमवारी तुमच्या कौन्सिलमेंबरच्या ऑफिसला फोन करा. ही ऑफिसं सँटा क्लारा स्ट्रीटवरच्या सिटी हॉलच्या अठराव्या मजल्यावर आहेत. मेंबरशीच बोलायचा हट्ट धरू नका. वाहतुकीचा विषय सांभाळणारा कर्मचारी कोण, हे विचारून त्याच्याशी पंधरा मिनिटांची भेट किंवा झूम ठरवा. तोच रिपोर्ट वाचतो, तोच मेंबरसाठी टिपण लिहितो.

त्या भेटीत तीन जण पुरे. एक पालक, एक शेजारी आणि शक्य असेल तर शाळेतलं कुणीतरी. एका पानाचं टिपण द्या आणि सरळ विचारा: "या विषयावर तुमच्या ऑफिसचा मेमो येणार आहे का? त्यात हे एक वाक्य घालता येईल का?"

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सॅन होजेत कौन्सिलमेंबर बैठकीआधी लेखी मेमो काढतात: स्टाफची शिफारस मान्य करा, आणि त्यासोबत हेही करा. मतदानाचा ठराव पुष्कळदा या मेमोवरूनच मांडला जातो. ब्राउन ॲक्टमुळे बैठकीबाहेर बहुमताने एकत्र येऊन काही ठरवता येत नाही, म्हणून एका मेमोवर जास्तीत जास्त पाच सह्या दिसतात. पाच सह्यांचा मेमो म्हणजे मंजुरीला फक्त एक मत कमी. तुमचं वाक्य त्यात आलं तर मंगळवारी तुम्हाला फक्त "मेमोला पाठिंबा" एवढंच म्हणायचं उरतं.

म्हणूनच वाक्य तयार करून न्या. त्यात क्रियापद ठाम हवं. "शक्यता तपासावी" असं लिहिलं गेलं तर शक्यता तपासली जाते, बस्स. "अमुक चौकात कड लाल रंगवण्याचं काम शाळा सुरू होण्याआधी पूर्ण करावं आणि चमकत्या दिव्याच्या खर्चाचा अंदाज वाहतूक समितीपुढे ठेवावा" असं म्हटलं की काम, जागा, मुदत आणि कुणापुढे, सगळं आलं.

एक काळजी घ्या. एका मेंबरने खासगीत सांगितलेलं मत दुसऱ्याच्या ऑफिसात जाऊन सांगू नका. अशा निरोप्यांमार्फत बहुमत जुळवणं ब्राउन ॲक्टला चालत नाही, आणि त्यामुळे तुमच्याच मेंबरची पंचाईत होते. तुमचं म्हणणं मात्र तुम्ही सगळ्या अकरा जणांना खुशाल सांगू शकता.

शुक्रवारच्या सुमारास मेमो साइटवर दिसायला लागतात. वाचा, आणि रविवारपर्यंत पत्र पाठवा. मंगळवारी सकाळी पाठवलेलं पत्र नोंदीत जातं, पण वाचलं जातंच असं नाही. पत्राचा साचा असा ठेवा:

"विषय: मंगळवारची बाब ५.२, पाठिंबा, एका दुरुस्तीसह. मी डिस्ट्रिक्ट १ मध्ये राहतो. आमच्या शाळेसमोरच्या क्रॉसिंगवर तीन सकाळी मोजणी केली, आकडे सोबत जोडले आहेत. स्टाफ रिपोर्टमधला पर्याय २ खर्चामुळे बाजूला ठेवला आहे. त्यातलं फक्त कड रंगवण्याचं काम वेगळं काढून आत्ता करावं, ही विनंती. ३११ तक्रारींचे नंबर खाली दिले आहेत."

झालं. याहून लांब नको. आणि ग्रुपवर एकच मजकूर टाकून चाळीस जणांना "कॉपी-पेस्ट करा" म्हणू नका. ऑफिसात ती चाळीस पत्रं एका ओळीत मोजली जातात. प्रत्येकाने स्वतःची दोन वाक्यं लिहिलेली आठ पत्रं त्यापेक्षा वजनदार ठरतात.

६. मंगळवार: दोन मिनिटं

चेंबरमध्ये गेल्यावर बोलण्यासाठी कार्ड भरून द्यायचं असतं, त्यावर बाबीचा नंबर लिहा. ऑनलाइन जोडता येत असेल तर त्याची लिंक अजेंड्याच्या पहिल्या पानावर असते. वेळ सहसा दोन मिनिटं. गर्दी झाली की ती एक मिनिटावर आणली जाते, म्हणून भाषण दोन आकारांत तयार ठेवा: इंग्रजीत सुमारे अडीचशे शब्दांचं आणि सव्वाशे शब्दांचं. मागणी पहिल्या वाक्यात. माइक बंद होतो तेव्हा पुष्कळ जण अजून शहराचे आभारच मानत असतात.

एकाच गटाचे पाच जण असाल तर मुद्दे वाटून घ्या: एकाने मोजणी, एकाने शाळेच्या वेळा, एकाने खर्चाचं. तेच पाचदा बोललात तर दुसऱ्यापासून पुढचं कुणी ऐकत नाही. ज्यांना बोलायचं नाही त्यांनी सोबत बसावं, आणि बोलणाऱ्याने "माझ्याबरोबर आलेल्यांनी उभं राहावं" म्हणावं.

आजी-आजोबांना आवर्जून न्या. नातवंडांना शाळेत चालत सोडणारे बहुधा तेच असतात, क्रॉसिंगची सगळ्यात पक्की माहिती त्यांच्याकडे असते. इंग्रजी येत नाही ही अडचण नाही. दुभाष्यामार्फत बोलणाऱ्याला दुप्पट वेळ द्यावा लागतो, असा राज्याचा कायदा आहे. मराठीचा दुभाष्या सिटीकडे तयार असेल या भरवशावर राहू नका. घरच्या कुणीतरी एकेक वाक्य इंग्रजीत सांगायचं, आणि कार्ड देतानाच क्लार्कला दुप्पट वेळेची आठवण करून द्यायची. आजोबांना छोटी वाक्यं करून बोलायची सवय आदल्या संध्याकाळी घरी करून घ्या. सलग बोलत गेले तर भाषांतर करणाऱ्याचे हाल होतात आणि वेळ तिथेच संपतो.

सभागृहात कौन्सिलवर टीका करायचा तुम्हाला हक्क आहे, तो वापरा. पण स्टाफमधल्या इंजिनिअरचं नाव घेऊन झोडपू नका. उद्या पट्टे तोच मारणार असतो.

७. पैसा लागणार असेल तर बजेटचं कॅलेंडर पाळा

सिटीचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून लोक जूनमध्ये जागे होतात. फार उशीर झालेला असतो.

मार्चमध्ये मेयरचा बजेट मेसेज कौन्सिलपुढे येतो आणि वर्षाची दिशा तिथे ठरते. त्यामुळे भेटीगाठी जानेवारी-फेब्रुवारीतच. मेच्या सुरुवातीला सिटी मॅनेजर प्रस्तावित बजेट मांडतो, महिनाभर त्यावर बैठका होतात. याच काळात कौन्सिलमेंबर आपापल्या छोट्या मागण्या "बजेट डॉक्युमेंट" म्हणून लेखी देतात, आणि प्रत्येक मागणीसमोर पैसा कुठून काढायचा तेही लिहावं लागतं. एखाद्या चौकातला चमकता दिवा या वाटेने येऊ शकतो. तेव्हा ऑफिसला मागणी देताना निधीची जागा सुचवता आली तर फार उत्तम. जूनमध्ये मेयरचा शेवटचा मेसेज आणि मंजुरी.

बजेट चुकलं तर वर्ष गेलं असं नाही, पण पुढच्या मार्चपर्यंत रंग आणि पाट्यांवर भागवावं लागतं.

८. एकटे राहू नका, पण ग्रुपपुरतेही राहू नका

मंडळाच्या ग्रुपवर शंभर जण होकार देतात, त्यातले पंचवीस सनीवेलला, तीस फ्रीमॉन्टला राहतात. त्यांची सही सॅन होजेच्या कौन्सिलमेंबरसाठी बिनकामाची. त्यापेक्षा आपल्या गल्लीतली व्हिएतनामी, मेक्सिकन, चिनी कुटुंबं जोडा. नेबरहूड असोसिएशन असेल तर तिच्या बैठकीला जा. वीस वर्षं तिथे बसणाऱ्या निवृत्त शेजाऱ्याला कुठल्या चौकात कधी काय झालं ते तोंडपाठ असतं, आणि ऑफिसातले लोक त्याचा फोन उचलतात.

वर्षभर काम करायची तयारी असेल तर सिटीच्या कमिशनवर अर्ज करा: बागा, वाचनालयं, घरं, वस्त्या, नियोजन अशी वेगवेगळी कमिशनं आहेत. २०२० पासून राज्याच्या कायद्याने नेमणुकीच्या पदांसाठी १८ वर्षं पूर्ण आणि राज्यातलं वास्तव्य पुरेसं आहे, नागरिकत्वाची अट नाही. प्रत्येक कमिशनच्या वेगळ्या अटी अर्जावर असतात, त्या वाचा. काहींसाठी आपल्या गुंतवणुकीचं जाहीर विवरण भरावं लागतं. पद मानधनाचं असेल आणि तुम्ही व्हिसावर असाल तर आधी वकिलाला विचारा.

नागरिक झालात की मात्र लगेच नोंदणी करा आणि कौन्सिलच्या मतदानाकडे लक्ष द्या. सम क्रमांकाच्या डिस्ट्रिक्टची निवडणूक अमेरिकेच्या अध्यक्षाच्या निवडणुकीच्या वर्षी होते, विषम क्रमांकांची त्यानंतर दोन वर्षांनी. प्राथमिक फेरीतच कुणी निम्म्याहून जास्त मतं घेतली तर नोव्हेंबरमध्ये त्या जागेसाठी मतदान होतच नाही. फक्त नोव्हेंबरला मत देणाऱ्यांची ती फेरी हातातून निसटते.

९. मंजुरीनंतरचे तीन महिने

ठराव झाला की बैठकीचा सारांश उतरवून घ्या आणि ठरावाचे नेमके शब्द बाजूला काढा. कुणाला, कधीपर्यंत, काय करायला सांगितलं आहे ते पाहा. काम वाहतूक विभागाकडे गेलं असेल तर कौन्सिलमेंबरच्या ऑफिसकडून वर्क ऑर्डरचा नंबर आणि अंदाजे महिना मागा. दर चार आठवड्यांनी त्याच ईमेलला उत्तर म्हणून एक ओळ पाठवा, नवा ईमेल सुरू करू नका, म्हणजे मागचा सगळा इतिहास खाली राहतो. ऑफिसातला माणूस बदलला, आणि तिथली माणसं बरीच बदलतात, तर तोच ईमेल नव्या माणसाला पुढे पाठवायचा.

मुदत टळली तर आधी फोन, मग त्या विषयाच्या समितीपुढे दोन मिनिटं, आणि तरीही हललं नाही तर वर्क ऑर्डरसाठी रेकॉर्ड्सचा अर्ज. रंगाचं काम झालं की पुन्हा तीन सकाळी मोजणी करा आणि आधीचे-नंतरचे आकडे ऑफिसला आणि शाळेला पाठवा. चमकत्या दिव्याची मागणी जानेवारीत घेऊन जाल तेव्हा तेच पान सगळ्यात वर लावायचं आहे.